बदलापूर लोकल आणि झेंडा नसलेलं साम्राज्य

माझ्या एका जीन्सच्या आत, कमरेच्या पट्टीला, छोटं पांढरं लेबल शिवलेलं आहे. त्यावर इंग्रजीत छापलंय, ‘मेड इन यूएसए’. जीन्स उल्हासनगरात घेतलेली. कल्याणच्या पुढे कर्जत लाइनवर राहणाऱ्या कुणालाही या यूएसएचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उल्हासनगर सिंधी असोसिएशन. ही कोटी माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आलीय आणि अजून शिळी झालेली नाही.

शाळेच्या पुस्तकात साम्राज्य म्हणजे इंग्रज, फार तर पोर्तुगीज. अमेरिका भेटते ती आधी इंग्रजांशी लढून स्वतंत्र होताना आणि मग एकदम महायुद्धात. मधल्या काळात याच अमेरिकेने समुद्रापलीकडे जाऊन स्वतःच्या वसाहती घेतल्या, हा भाग दोन ओळींत उरकतो. मीही तो तसाच उरकला होता. पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की या गोष्टीचे तीन तुकडे मी रोज ज्या लोकलने जातो तिच्याच वाटेवर पडलेले आहेत. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. म्हणून गोष्ट स्टेशनांच्या क्रमाने सांगतो.

बदलापूर

बदलापुरात गाडीला गर्दी कधी नव्हती, असं आता कुणाला खरं वाटणार नाही. पण कल्याणहून कर्जतच्या दिशेने पळसदरीपर्यंत रूळ पडले ते १८५६ साली, आणि पुढे कितीतरी वर्षं इथे आजूबाजूला भातखाचरं आणि उल्हास नदी एवढंच होतं. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला आणि मुंबई-पुणे अशी सलग गाडी धावू लागली.

१८९६ च्या जानेवारीत या वाटेने एक साठीचा अमेरिकन माणूस पुण्याला गेला. मार्क ट्वेन. छापखान्याच्या एका यंत्रात त्याने भरमसाट पैसा घातला होता, तो बुडाला. त्याची प्रकाशनसंस्था १८९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. देणी फेडायला तो जगभर व्याख्यानं देत फिरत होता. मुंबईत तो वॉटसन हॉटेलात उतरला, खोकल्याने आजारी पडला, बरा झाल्यावर व्याख्यानं दिली आणि महिनाअखेरीस पुण्याला गेला. पुण्याला जायचं तर गाडी कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत करतच घाट चढणार. त्याने खिडकीतून आमचं गाव पाहिलं असेल तर तेवढंच, डोळ्यांसमोरून सरकत गेलेलं.

मुंबईच्या त्या हॉटेलातला एक प्रसंग त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहिला. एका धिप्पाड जर्मन माणसाने खोली नीट लावण्यावरून एका हिंदी नोकराच्या थोबाडीत मारली. नोकराने निमूटपणे मार खाल्ला. ते पाहून ट्वेनला क्षणात आपलं मिसुरीतलं बालपण आठवलं, जिथे गुलामांना असंच मारणं ही रोजची, कुणाच्या डोळ्यांत न खुपणारी गोष्ट होती. साम्राज्यावर लिहिताना आपण नकाशे आणि तह यांच्यापासून सुरुवात करतो. ट्वेनने त्याची खूण एका थोबाडीत ओळखली होती.

दोनच वर्षांनी त्याच्या देशाची पाळी आली. तिची तयारी आधीपासून चालू होती. १८९० च्या जनगणनेने जाहीर केलं, की पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची सीमारेषा आता दाखवता येत नाही. म्हणजे मूळ रहिवाशांना हुसकावून जिथे पसरता येत होतं ती जमीन संपत आली. त्याच वर्षी नौदल अधिकारी आल्फ्रेड मॅहनचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं होतं, की राष्ट्र मोठं होतं ते आरमार, समुद्री व्यापार आणि दूरवरचे तळ यांच्या बळावर. १८९३ मध्ये मोठी मंदी आली. कारखान्यांत माल तुंबला, मजूर रस्त्यावर आले, आणि जास्तीचा माल परदेशी खपवला पाहिजे, ही भाषा सुरू झाली. त्याच वर्षी हवाई बेटांवर गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी अमेरिकी खलाशी बंदरात उतरलेले असताना राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं.

फेब्रुवारी १८९८ मध्ये क्यूबातल्या हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली. एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध पेटलं. क्यूबाला स्पेनच्या जुलमातून सोडवायचं, असं लोकांना सांगितलं गेलं. पण पहिली मोठी लढाई झाली ती क्यूबापासून अर्ध्या जगाच्या अंतरावर. १ मे रोजी अमेरिकी आरमाराने फिलिपिन्सच्या मनिला उपसागरात स्पेनचं आरमार बुडवलं. डिसेंबरमध्ये पॅरिसला तह झाला. प्वेर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला मिळाले, आणि २ कोटी डॉलर मोजून फिलिपिन्सही. मधल्या जुलैत हवाईसुद्धा खिशात घातलं गेलं होतं. फिलिपिनो लोकांनी जून महिन्यातच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यांना पॅरिसमध्ये कुणी विचारलं नाही.

इथे दुसरा एक लेखक गोष्टीत येतो, आणि तो मुंबईत जन्मलेला आहे. रुडयार्ड किपलिंग, जन्म १८६५. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. अमेरिकन बायको करून तो चार वर्षं अमेरिकेत राहिलेला होता. ‘गोऱ्या माणसाचं ओझं’ ही त्याची कविता आपण भारताच्या संदर्भात ऐकतो, पण ती होती अमेरिकेला उद्देशून, फिलिपिन्स घ्या असं सांगणारी. छापण्याआधी त्याने ती थिओडोर रूझवेल्टला पाठवली. रूझवेल्टचं मत पडलं, की कविता म्हणून यथातथाच आहे, पण विस्ताराच्या दृष्टीने मुद्दा बरोबर आहे. फेब्रुवारी १८९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच दिवसांत मनिलाजवळ अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला आणि ६ फेब्रुवारीला सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला.

पुढची तीन वर्षं फिलिपिन्समध्ये युद्ध चाललं. ४,२०० हून अधिक अमेरिकी आणि सुमारे २०,००० फिलिपिनो सैनिक मेले. लढाई, उपासमार आणि पटकीने मेलेल्या सामान्य माणसांचा आकडा दोन लाखांपर्यंत जातो. क्यूबात स्पेनने गावंच्या गावं उठवून छावण्यांत कोंडली होती, आणि त्याच अत्याचाराच्या बातम्यांनी अमेरिकेत संताप उसळला होता. आता बातांगास प्रांतात अमेरिकी सैन्याने तेच केलं.

ट्वेन सुरुवातीला क्यूबाच्या युद्धाच्या बाजूने होता. पॅरिसचा तह वाचून त्याचं मत फिरलं. ऑक्टोबर १९०० मध्ये न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने पत्रकारांसमोर सांगून टाकलं, की मी साम्राज्यविरोधी आहे. बोस्टनमध्ये १८९८ मध्ये स्थापन झालेल्या अँटी-इम्पीरियलिस्ट लीगचा तो पुढे उपाध्यक्ष झाला आणि १९१० मध्ये मरेपर्यंत राहिला.

या लीगला संत ठरवायचा मोह होतो, पण तीत सगळ्या तऱ्हेचे लोक होते. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी होता. गोरे नसलेले लाखो लोक आपल्या देशात नकोत, एवढ्याचसाठी विरोध करणारेही होते. आणि बऱ्याच जणांचा युक्तिवाद असा होता, की व्यापारासाठी परक्या भूमीवर राज्य करायची गरजच काय? माल विकायला बाजार लागतो, गव्हर्नर लागत नाही.

लीग हरली. फिलिपिन्सला स्वातंत्र्य मिळालं ते थेट ४ जुलै १९४६ रोजी. पण हा शेवटचा युक्तिवाद मात्र जिंकला. फिलिपिन्सचा पहिला मुलकी गव्हर्नर विल्यम टाफ्ट १९०९ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि आपल्या धोरणाचं वर्णन त्याने गोळ्यांऐवजी डॉलर असं केलं. कर्ज द्यायचं, रेल्वे, बँक, जकात नाकं यांच्यावर पकड ठेवायची. निकाराग्वा, हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक इथे डॉलरच्या मागोमाग सैनिकही उतरले. पण नकाशावर या देशांचा रंग बदलला नाही.

डॉलरची ही रीत अमेरिकेपुरती राहिली नाही. ती कशी चालते, हे पाहायला पुढच्या स्टेशनवर उतरावं लागेल.

अंबरनाथ

अंबरनाथ पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ म्हटलं की तो काही विचारत नाही. आत बसलेल्या तरुण मुलांपैकी कितीजणांना विम्को म्हणजे काय ते माहीत असतं, कोण जाणे. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. काडेपेट्या बनवणारी. ‘जहाज’ छाप पेटी अनेकांनी घरात पाहिलेली असते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात चुली पेटत त्या मुख्यतः जपानी आणि स्वीडिश काड्यांनी. १९२२ मध्ये सरकारने उत्पन्नासाठी आयात काड्यांवरची जकात वाढवून ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केली. एवढी जकात भरून माल आणणं परवडेना. मग स्वीडिश मॅच कंपनीने साधा उपाय केला. ती जकातीच्या भिंतीच्या आत येऊन बसली. १९२३ मध्ये विम्को स्थापन झाली, आणि कल्याणपलीकडे, रेल्वेच्या कडेला, अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला.

या स्वीडिश कंपनीच्या मागे इव्हार क्रूगर नावाचा माणूस होता. त्याला ‘काडेपेटीचा राजा’ म्हणत. त्याच १९२३ साली त्याने अमेरिकेत इंटरनॅशनल मॅच कॉर्पोरेशन काढली आणि तिचे रोखे बोस्टन-न्यूयॉर्कच्या बँकवाल्यांमार्फत अमेरिकी लोकांना विकायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धानंतर युरोप कर्जबाजारी होता आणि पैसा होता अमेरिकेत. क्रूगर अमेरिकी शिक्षकांचे, डॉक्टरांचे, विधवांचे साठवलेले डॉलर गोळा करायचा, ते अडचणीतल्या सरकारांना कर्जाऊ द्यायचा आणि बदल्यात त्या देशात काडेपेट्यांची मक्तेदारी मागायचा. फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर, जर्मनीला साडेबारा कोटी. पोलंड, ग्रीस, पेरू, इक्वेडोर अशी यादी वाढत गेली. एकाही देशावर त्याने चढाई केली नाही. लोक चूल पेटवायचे तेव्हा त्याचा हप्ता पोचायचा.

भारतात राज्य इंग्रजांचं, त्यामुळे कर्जाच्या बदल्यात मक्तेदारी असा सौदा इथे नव्हता. इथे मोठी यंत्रं, मोठं भांडवल आणि भाव पाडून टिकण्याची ताकद, यांवर काम चाललं. देशी कारखानदारांनी या स्पर्धेविरुद्ध तक्रारी केल्या. टॅरिफ बोर्डाने चौकशी केली आणि १९२८ मध्ये तीच जकात संरक्षक जकात म्हणून कायम झाली. पण संरक्षण भिंतीच्या आत असणाऱ्या सगळ्यांनाच मिळतं, आणि परदेशी कंपनी आत कधीच पोचलेली होती.

१२ मार्च १९३२ रोजी क्रूगरने पॅरिसमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. हिशेब तपासनीस बसले तेव्हा तिजोरीत इटालियन सरकारचे खोटे रोखे निघाले, त्याने स्वतः छापून घेतलेले. अमेरिकेत हजारो लोकांची बचत बुडाली, आणि १९३३ मध्ये रोखेविक्रीवर बंधनं घालणारा कायदा झाला त्यामागे या घोटाळ्याचीही धग होती. म्हणजे डॉलरच्या साम्राज्याचा दणका खुद्द अमेरिकेतल्या साध्या माणसालाही बसला.

अंबरनाथच्या काड्या मात्र बनत राहिल्या. हे मला महत्त्वाचं वाटतं. या कारखान्याने इथल्या पिढ्यांना पगार दिला, या गावाला औद्योगिक शहराचं वळण लावलं. ‘परकं भांडवल म्हणजे लूट’ एवढ्या एका वाक्यात अंबरनाथ बसत नाही. पण दुसरी बाजूही आहे. १९२२ च्या सुमारास शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोन भाऊबंद कलकत्त्याला जाऊन काड्या बनवायचं तंत्र शिकून आले. त्यांच्यामागून तिथे हाताने काड्या बनवणारे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर सरकारने लहान उत्पादकांना उत्पादन शुल्कात सवलत दिली, आणि हाताच्या काडीने यंत्राच्या काडीला मागे रेटलं. तिथेही सगळं गोड नव्हतं, कारण स्वस्त काडीच्या मागे बालमजुरी होती. २००५ मध्ये विम्को आयटीसी समूहाकडे गेली. नाक्याला नाव राहिलं.

अंबरनाथहून गाडी सुटली की मला आजीची मिलो आठवते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. आजी म्हणायची, भाकरी थापताना फाटायची आणि पोरं नाकं मुरडायची, पण पोट त्यावरच भरलं. त्याच्याही आधी, १९५६ पासून, पीएल-४८० नावाच्या अमेरिकी कायद्याखाली गहू येत होता. १९६५ नंतर भारताने व्हिएतनाम युद्धावर टीका केली तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सनने गव्हाची जहाजं आखडत्या हाताने, महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडली. तो गहू आला नसता तर माणसं मेली असती. आणि तो गहू येणार की नाही, हे वॉशिंग्टनमध्ये ठरत होतं. ही दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत. हरितक्रांतीची घाई का झाली, ते कळायला दुसरं वाक्य लागतं.

उल्हासनगर

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ लष्करी छावणी बांधली. फाळणीनंतर त्या बराकींमध्ये सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे शहराची पायाभरणी केली. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक ते पाच असंच सांगतात.

घर, दुकान, जमीन सगळं मागे टाकून आलेल्या माणसांकडे विकायला काय होतं? डोकं आणि हात. बराकीत पापड, बिस्किटं, खाऊ, मग छोटी यंत्रं, मग कपडा. देशात आयातीवर कडक बंधनं होती आणि ‘फॉरेन’ या शब्दाला अत्तरासारखा वास होता. इथल्या कारागिरांनी परदेशी वस्तू उघडून पाहिल्या आणि तशाच बनवल्या. यूएसएची कोटी तेव्हाची.

मला त्यात चोरीपेक्षा हिशेब जास्त दिसतो. क्रूगरने डॉलर वापरून बाजार घेतले. उल्हासनगरकडे डॉलर नव्हते, म्हणून त्याने डॉलरची नुसती अक्षरं घेतली. साम्राज्याची सगळ्यात महाग वस्तू म्हणजे त्याचं नाव, हे या शहराला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं होतं.

जीन्सची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. तांब्याच्या रिव्हेट मारलेल्या पँटचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना १८७३ मध्ये अमेरिकेत मिळालं. खाणीतल्या, शेतातल्या मजुरांचा कपडा तो. पुढे सिनेमा आणि सैनिकांबरोबर तो जगभर गेला, आणि हा विस्तार कुठल्याही आरमारापेक्षा टिकाऊ निघाला. पण लेव्हीजने २००४ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतले स्वतःचे शेवटचे शिलाई कारखाने बंद केले. मजुरी स्वस्त तिकडे काम गेलं. म्हणजे आता अस्सल अमेरिकन जीन्सही बहुतेक अमेरिकेत शिवलेली नसते. माझ्या लेबलातलं खोटं आणि शोरूममधल्या लेबलातलं खरं, यांच्यातलं अंतर बरंच कमी झालंय.

खर्च कुठे राहतो, ते वालधुनीकाठी दिसतं. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत ही नदी उल्हासनगरात येते. जीन्स धुण्याचे, रंगवण्याचे कारखाने जोरात होते तेव्हा पाण्याचा रंग निळा व्हायचा. प्रदूषणाविरुद्ध लोक कोर्टात गेले, आदेश निघाले, कारखान्यांना टाळी लागली. काही धंदा आसपासच्या गावांकडे सरकला. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कितीतरी मजुरांचं काम गेलं. बायका अजून जीन्सचे गठ्ठे घरी आणतात आणि दारात बसून नगावर धागे कापतात. नदी साफ हवी आणि काम राहायला हवं, या दोन मागण्या एकाच गल्लीत राहतात, आणि त्या एकमेकींच्या अंगावर घालणारा बाजार त्या गल्लीत कधी येत नाही.

म्हणून मला वाटतं, १८९८ ला अमेरिकेत जो वाद झाला तो झेंड्यापुरता नव्हता. दूरवरच्या कुणीतरी घेतलेल्या निर्णयाची किंमत ज्याला मोजावी लागते, त्याला त्या निर्णयात जागा आहे का, एवढा तो प्रश्न होता. पॅरिसच्या टेबलावर फिलिपिनो माणसाला खुर्ची नव्हती. धागे कापणाऱ्या बाईला एका नगाचे किती मिळणार, हे ठरतं त्या टेबलावर तिलाही नाही. दोन गोष्टी सारख्या नाहीत. एकीत लाखो माणसं मेली आहेत, हे विसरून तुलना करणं बरं नव्हे. पण खुर्चीचा प्रश्न तोच आहे.

गेल्या महिन्यात त्याच दुकानात पुन्हा गेलो. दुकानदार लेबलं वेगळी ठेवतो, सुटी, प्लास्टिकच्या डब्यात. मी सहज विचारलं, “उल्हासनगर लिहिलेलं आहे का एखादं?”

तो हसला. “वो कौन लेगा, भाई?”

मी डब्यात हात घालून बघत राहिलो. खरंच नव्हतं.